लेपर्ड गेकोच्या मादीचं ब्रीडिंग कधी थांबवायचं?

पालवाला_ठाणे
नमस्कार मंडळी, माझ्याकडे लेपर्ड गेकोच्या (ठिपक्यांची पाळीव पाल) दोन माद्या आहेत, एक 5 वर्षांची मॅक स्नो (फिकट रंगाचा प्रकार) आणि दुसरी 7 वर्षांची साधी नॉर्मल. गंमत म्हणजे लहान आहे तीच थकलेली वाटते. मागच्या सीझनला शेवटची बरीचशी अंडी फुकट गेली, शेपूट बारीक झालं ते दिवाळी उलटली तरी भरलं नाही, सुरुवातीला 68 ग्रॅम होती ती आता 55 वर अडकलीये. मोठी मात्र एकदम टुणटुणीत, शेपूट गाजरासारखं जाड. एक ओळखीचा म्हणतो 6 वर्षं झाली की मादी बंद करायची, म्हणजे मोठीला थांबवू आणि लहान चालू ठेवू? मला हे उलटंच वाटतंय. त्यात स्नोच्या पिल्लांसाठी दोघंजण मागे लागलेत. नक्की बघायचं काय? घरी विचारून उपयोग नाही, आईच्या मते पालींना कसली आलीये रिटायरमेंट, घराबाहेर काढ त्यांना.

सरडाताई_नेरूळ
वय मी तरी सगळ्यात शेवटी बघते. नीट सांभाळली तर लेपर्ड गेको 15-20 वर्षं जगते, मग सहाव्या वर्षी सरसकट बंद हा कुठला नियम? शेपूट आणि वजन बघ. चरबी शेपटात साठते आणि अंडी बनताना तिथूनच जाते, एका वेळी 2 अंडी, दोन-चार आठवड्यांनी परत 2, असं सीझनभर चाललं की मादी आतून किती रिकामी होत असेल विचार कर. कॅल्शियम खाण्यातून कमी पडलं तर ते हाडांतून उचललं जातं, मग जबडा मऊ पडणं, पाय वाकडे होणं, अंडं अडकणं, सगळं ओळीने येतं.
शेवटचा क्लच (एका वेळची अंडी) होऊन दोन-तीन महिन्यांत मूळ वजनावर आली नाही तर पुढचा सीझन सुट्टी, यात माझ्याकडे चर्चा नाही. वर्षभरात भरली तर बघू, नाहीतर कायमची पेन्शन. फक्त फुकट अंड्यांवरून ठरवू नकोस, सीझनच्या शेवटी तशी येतातच आणि कधी घोळ नराचा असतो. मोठीला तोच नर लावला होतास का? आणि स्नोची शी एकदा तपासून घे, जंत असले तरी वजन असंच अडकतं.

बंटी_कळवा
दोघंजण मागे लागलेत हे कारणांत धरूच नको भावा. थांबतील ते, नाही थांबले तर दुसरीकडून घेतील.

पालवाला_ठाणे
हो ताई, नर तोच, मोठीची पिल्लं व्यवस्थित निघाली. म्हणजे स्नो बंद, ठरलं. नर आता वेगळ्या टाकीत आहे, मग विषय संपला ना?

गेको_खारघर
नाही संपत एवढ्यात. मादी नराचं बीज साठवून ठेवते, एकदा मेटिंग झालं की नर काढून घेतल्यावरही फलित अंडी येत राहतात, आणि नर कधी बघितलाच नाही अशा माद्यापण फोकट (पिल्लू न निघणारी) अंडी घालतात. म्हणून अंडी घालायला कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) ओला डबा आणि कॅल्शियम चालूच ठेव. सारखी खणतेय, खात नाहीये, पोटात अंडी दिसतायत पण घालत नाहीये असं झालं तर वाट बघत बसू नको, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे ने, एक्स-रे काढतील.
अजून एक, बरेच ब्रीडर हिवाळ्यात टाकी थंड करून माद्यांना ब्रेक देतात. आपल्याकडे थंडी म्हणजे चार दिवसांचा स्वेटर, त्यामुळे ते मुद्दाम करावं लागतं, पण ते धष्टपुष्ट मादीसाठी. बारीक झालेल्या मादीला अजिबात नको, हिची गरम बाजू 31-32 डिग्रीच राहू दे, पचन त्यावरच चालतं.

सरडाताई_नेरूळ
बरोबर. आणि मोठीलापण एक वर्ष सोडून लाव, जाड दिसतेय म्हणून दरवर्षी अंडी काढायची असं नसतं.

पालवाला_ठाणे
चालेल. स्नोला वजनासाठी काय देऊ, सध्या मीलवर्मवरच (अळ्या) आहे.

सरडाताई_नेरूळ
फक्त मीलवर्म नको, डुबिया झुरळं (खाद्य म्हणून वाढवलेली) आणि क्रिकेट (रातकिडे) आलटून पालटून दे, कॅल्शियम पावडर लावून. जाड करायच्या नादात रोज वॅक्सवर्म (चरबीदार अळ्या) नको, मग दुसरं काही खात नाहीत. आणि घरातली झुरळं पकडून तर मुळीच देऊ नकोस, सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी झालं कोणाला माहीत.