यंदा गावाक कोण कोण इले?

२०२५ संपतंय. परदेशी असलेल्यांचं आणि मागे घर सांभाळणाऱ्यांचं वर्ष कसं गेलं, ते लिहा. सुट्टी, राजकारण, घरातली भांडणं, सगळं चालेल. "आम्ही सगळे मजेत" एवढंच सांगायचं असेल तर त्यासाठी घरचा ग्रुप आहे. सुरुवात माझ्यापासून.

वेंगुर्ला (एरवी न्यू जर्सी)
डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरले. व्हिसाची मुलाखत, पासपोर्टवर शिक्का आणि जानेवारीत परत, असा साधा बेत होता. सप्टेंबरात एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, तेव्हाच नवरा म्हणाला होता, यंदा राहू दे. पण ते शुल्क नव्या अर्जांना, माझा जुना एच-१बी. म्हणून निघाले. मग १५ डिसेंबरपासून आमच्यासारख्यांचीही सोशल मीडियाची खाती तपासायचं ठरलं आणि माझी तारीख गेली थेट मार्चवर.

आता तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेसात. आईची दिवाबत्ती, जेवणाची पानं आणि माझी मीटिंग एकाच माजघरात. पहिला आठवडा आई खूष होती. आता शेजारच्या काकी कुंपणावरून विचारतात, "कधी जातलंस गो?" आणि माझ्याआधी आईच सांगते, "रजा वाढवून घेतली तिने." खातं सर्वांना दिसेल असं ठेवायचं म्हणे. ठेवलंय. तपासणाऱ्याला निम्म्या फोटोंत सोलकढीच सापडेल.

गुहागर (लंडन)
विमानाचं काही नाही हो. मुंबईत उतरल्यावर खरा प्रवास. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नाताळचं क्षणात संपतं, मग रस्ता. माणगावला गाडी थांबली ती थांबलीच. चौपदरीकरण २०११पासून चालू आहे, तेव्हा पोटात असलेली माझी लेक आता मागच्या सीटवरून "आलं का?" विचारते.

मालवण (दोहा)
मी खास मतदानाला आलो. पासपोर्ट भारतीय असला तरी मत हवं तर स्वतः येऊनच द्यावं लागतं. नगरपरिषदेचं मतदान २ डिसेंबरला आणि ३ला निकाल, म्हणून परतीचं तिकीट ४चं. मोजणी गेली २१वर! गुलाल मोबाइलवर बघितला.

पण खरी निवडणूक घरात झाली. थोरला एका पक्षात, चुलतभाऊ दुसऱ्या. मुंबईत दोघांची युती, मालवणात कुस्ती. दोघांनीही मला वेगवेगळं गाठून "तू तरी आपलो मा?" विचारलं. मी दोघांनाही हो म्हटलं. आईने जेवताना विषय काढायचा नाही असा दम दिला, तर दोघे आपापलं ताट घेऊन एक पडवीत, एक मागीलदारी. बांगड्याचं तिखलं मात्र दोघांनी दोनदा मागून घेतलं. निकालानंतर थोरल्याने मला फोन केला, पण चुलतभावाकडे सत्यनारायण होता तिथे गेला नाही. वहिनी गेली.

देवगड (कायम देवगड)
तुमचं सगळं वाचलं. आता आमचं ऐका. थंडी पडली की कलमांना मोहोर येतो, आणि तुडतुडे, थ्रिप्सही येतात. म्हणजे तुमची सुट्टी तो आमचा फवारणीचा हंगाम. मी पंप पाठीला लावून बागेत, आणि पाहुणे विचारतात, "आंबे कधी?" डिसेंबरात!

त्याबद्दल राग नाही. दुखणं सातबाराचं आहे. आजोबांच्या पश्चात लागलेली नावं टोरांटो, मस्कत, सिंगापूर अशी पसरलीत. पडवीची कौलं मी माझ्या पैशाने बदलली, पण वाटप करायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. व्हिडिओ कॉलवर प्रत्येकजण म्हणतो, "अरे, तूच बघ ना सगळं." बघतोच आहे. मग कुलमुखत्यारपत्र पाठवा म्हटलं की आवाज तुटतो.

तर पुढच्या खेपेस येणाऱ्यांनो, सरकारी कचेऱ्यांना २०२०पासून शनिवारीही सुट्टी असते. शुक्रवारी रात्री उतरून सोमवारी पहाटे गोव्याला पळू नका.