पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय, विंडोज दोनदा टाकून झालं (मदत हवी आहे)

वैतागलेला_वेताळ
घरचा डेस्कटॉप दोन आठवडे झाले, मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट होतोय. दोनदा फॉरमॅट मारला, फरक शून्य. अँटिव्हायरस स्वच्छ. धूळ काढली. आता रॅम बदलू की मदरबोर्ड तेवढंच सांगा. "फॉरमॅट मारा" कृपया कोणी सांगू नका.

खटपट_खाते
यावरून कोणीच काही सांगू शकणार नाही. प्रोसेसर कुठला, रॅमच्या स्टिक किती, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा, ग्राफिक्स कार्ड आहे का? "मनाला येईल तेव्हा" म्हणजे कधी? नुसता डेस्कटॉप उघडा असताना, की काही जड चालू असताना? निळा पडदा येतो, पीसी गोठतो, की थेट काळोख होऊन परत लोगो येतो? या तिन्हीची कारणं वेगवेगळी असतात.

रॅमशास्त्री
रॅमच. स्टिक काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, परत बसवा. क्लिपचा टक् आवाज आला पाहिजे.

थंडोबा
खोडरबर नको हो! भुगा स्लॉटमध्ये जातो, आणि तो सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, वारंवार घासलात तर खालचं निकेल दिसेल. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या.
माझा संशय मात्र तापमानावर. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून जड काम करा. लोडवर ८० अंशांपर्यंत चिंता नाही, ९५ च्या पुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळली असेल तर जुनी पूर्ण पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढा एकच थेंब ठेवा.

चिमटा
वाटाण्याएवढा थेंब लांबट चिपच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतोच असं नाही. पातळ थर पसरवलेला बरा.

थंडोबा
पसरवताना हवेचे बुडबुडे राहतात. कूलर दाबला की थेंब आपोआप पसरतो.

खटपट_खाते
पेस्टचा वाद दुसऱ्या धाग्यात न्या. वेताळ, उत्तरं?

वैतागलेला_वेताळ
आय५ १२४००एफ, १६ जीबी, दोन स्टिक. एसएमपीएस ४५० वॅट. निळा पडदा नाही, थेट काळोख आणि परत लोगो. गेममध्ये दहा-पंधरा मिनिटांत होतं, ब्राउझिंग करताना क्वचित. तापमान ६८ च्या वर जात नाही. आता सांगा.

पेंग्विनपंथी
लिनक्स टाका, प्रश्न मिटेल.

चिमटा
लिनक्सला काय वेगळी वीज लागते? लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे न टाकता पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघा म्हणालात तर पटेल, कारण तिथेही रीस्टार्ट झाला तर विंडोज सुटलं. पण न टाकताच "मिटेल" कसं?

खटपट_खाते
आधी नोंदी बघा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टम. रीस्टार्टच्या वेळेला केर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्यावर क्लिक करून डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड (निळ्या पडद्याचा कोड) आणि पॉवरबटनटाइमस्टॅम्प हे दोन आकडे इथे लिहा. आसपास व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या दोषाची) नोंद असेल तर तीही लिहा.
शिवाय ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीखाली जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा. निळा पडदा क्षणभर येऊन जात असेल तर तो थांबेल.

वैतागलेला_वेताळ
४१ आहेत, एका दिवसात सात. बगचेककोड ०, दुसराही ०. व्हीया काही नाही. टिक काढली तरी निळं काही दिसलं नाही. ४१ म्हणजे एसएमपीएस गेला असं सगळीकडे लिहिलंय. नवा मागवू?

खटपट_खाते
थांबा. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. पॉवर बटन चार सेकंद दाबून धरलंत तरी ४१ च येतो, फक्त तेव्हा टाइमस्टॅम्प ० नसतो. तुमच्याकडे दोन्ही ० आहेत, म्हणजे विंडोजला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळाला नाही. बोट विजेकडे जातं खरं, पण यूपीएस, बोर्ड, एसएमपीएस, वायर, कार्ड यातलं कोण ते कळलेलं नाही.

रॅमशास्त्री
रॅम खराब असली तरी असा रीस्टार्ट होऊ शकतो. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाकून चार पास, म्हणजे फेऱ्या, होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तरी स्टिक बाद. त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करा. मग एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये.

वैतागलेला_वेताळ
रात्रभर चालवला. चार पास, शून्य एरर. झालं समाधान?

निळी_शाई
माझ्या लॅपटॉपला चालू व्हायला पाच मिनिटं लागतात, त्यावर काही उपाय?

चिमटा
हार्डडिस्क असेल तर एसएसडी टाका आणि वेगळा धागा काढा.

बारा_व्होल्ट
वेताळ, पीसी यूपीएसवर आहे का? मॉनिटरही त्यालाच लावलाय का? पुढच्या रीस्टार्टला मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघा. दिवा पूर्ण विझून पेटला तर वीज यूपीएसकडूनच तुटली. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते आणि बॅटरी म्हातारी झाली की लोडवर झटक्यात बसतो. दिवा निळ्याचा नारिंगी झाला पण विझला नाही, तर मॉनिटरला वीज मिळत होती, फक्त सिग्नल गेला. मग दोष कॅबिनेटच्या आत.

वैतागलेला_वेताळ
हो, यूपीएस आहेच, सगळ्यांकडे असतो. मॉनिटरही त्यालाच. दिवा नारिंगी झाला, विझला नाही. यूपीएस काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, तरी तेच.

चिमटा
ग्राफिक्स कार्ड काढून ऑनबोर्डवर चालवा, लगेच कळेल.

खटपट_खाते
नाव नीट वाचा. १२४००एफ. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड काढलं तर पडदाच येणार नाही. वेताळ, कार्ड कुठलं हे अजून सांगितलं नाहीत! आणि दोन आठवड्यांपूर्वी काय बदललं?

वैतागलेला_वेताळ
कार्डच बदललं. पण ते नवंकोरं आहे, त्यात काही दोष नाही. बॉक्सवर १६० वॅट लिहिलंय, ८ पिन लागते. एसएमपीएसला ती पिन नव्हती म्हणून सोबत आलेली जोडणी लावली. दोन साटा पिनांतून (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) एक ८ पिन होते ती.

बारा_व्होल्ट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पीसी बंद करा आणि आधी हे वाचा.
साटाच्या एका पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. दोन मिळून १०८. कार्डाची ८ पिन १५० वॅट, म्हणजे साडेबारा अँपिअर मागू शकते. कार्ड काही वीज स्लॉटमधूनही घेतं, म्हणून ब्राउझिंगमध्ये निभावतं. गेममध्ये पिन तापते, तापली की संपर्क सैल होतो, रोध वाढतो आणि ती आणखी तापते.
पण नुसतं कार्ड उपाशी राहिलं तर सहसा पडदा काळा होतो आणि पीसी चालू राहतो. तुमचा अख्खा पीसी रीसेट होतो, म्हणजे २४ पिनच्या कनेक्टरमधली राखाडी वायर, पॉवर-ओके (वीज ठीक असल्याचा सिग्नल), क्षणभर खाली जात असणार. ती पडली की मदरबोर्ड लगेच रीसेट मारतो. तेव्हा एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते सांगा. ४५० या आकड्यावर विसंबू नका.

वैतागलेला_वेताळ
+१२V खाली 20A लिहिलंय.

बारा_व्होल्ट
म्हणजे २४० वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवली आहे, आजच्या पीसीत ते फारसे लागतच नाहीत. तुमचा प्रोसेसर टर्बोमध्ये ११७ वॅटपर्यंत जातो, कार्ड १६०. बेरीज २७७ आणि पंखे, ड्राइव्ह, बोर्ड वेगळे. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी छापलेल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं. मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले तरी निर्धास्त होऊ नका, एवढी छोटी बुडी मीटरला दिसत नाही.

रॅमशास्त्री
एसएमपीएस उघडून कपॅसिटर फुगलेत का बघता येईल.

बारा_व्होल्ट
अजिबात उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वायर काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. वेताळ, फक्त ती साटा जोडणी काढून पिनांचं तोंड बघा.

वैतागलेला_वेताळ
काढली. एक साटा सहज निघाली, दुसरी चिकटलेली होती, हलवून हलवून काढावी लागली. एका टोकाचं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन थोडं फुगलंय, पिवळ्या वायरशेजारची पिन आत सरकली आहे. जळकट वास येतोय. वायर बदलून भागेल का?

बारा_व्होल्ट
नाही. जोडणी फेकून द्या, चुकूनही परत लावू नका. ज्या साटा पिनेत ती होती तिथे एसएसडीही लावू नका. नवा एसएमपीएस ५५० वॅटचा घ्या, पण स्टिकरवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास हवेत आणि कार्डासाठी ६+२ पिनची स्वतःची केबल हवी.

वैतागलेला_वेताळ
तोवर कार्डाचं पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर ठेवून चालवू का? आणि मित्राकडे मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या जास्तीच्या केबल पडल्यात, त्या चालतील?

खटपट_खाते
लिमिट कमी करणं हे दोष शोधायला ठीक. जळक्या पिनेवर नको. कार्डाला वीज नाही म्हणजे पडदा नाही, तर पीसी बंदच ठेवा.
दुसऱ्याच्या केबल मुळीच नाही. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना मात्र कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते. चुकीची लागली तर ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह क्षणात मरतो.

वैतागलेला_वेताळ
नवा बसवला. पंखे फिरतात, पडदा काळा. आता??

बारा_व्होल्ट
कार्डाची ६+२ लावलीत. प्रोसेसरची ४+४ लावली का?

वैतागलेला_वेताळ
ती कुठली? २४ ची मोठी लावली आहे.

बारा_व्होल्ट
बोर्डच्या वरच्या कडेला, प्रोसेसरच्या डावीकडे, बहुधा कूलरमागे लपलेली ८ खाचांची जागा. केबलवर सीपीयू लिहिलेलं असेल. कार्डाची केबल तिथे जोर लावून घुसवू नका, तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट असतात.

वैतागलेला_वेताळ
सापडली. लागली. आला पडदा. तीन तास गेम चालवला, एकदाही रीस्टार्ट नाही.

रॅमशास्त्री
एक्सएमपी परत चालू करायला विसरू नका.