मदत हवी आहे : गेमिंग मॉनिटर, १६५ की २४० हर्ट्झ?

व्हॅलोरंट आणि सीएस२ या नेमबाजीच्या गेम्ससाठी मॉनिटर घ्यायचा आहे. सध्याचा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा). पीसी : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. टेबल जेमतेम दोन फूट खोल. २४ इंच की २७? दुकानदार म्हणतो, '१ एमएस (मिलिसेकंद) बघा, बाकी सगळे सारखेच.' पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत चक्कर मारण्याआधी जाणकारांनी सांगावे.

फ्रेमपंत : सारखे कसले! त्या १ एमएससमोर एमपीआरटी लिहिलंय की जीटीजी, ते बघा. एमपीआरटी म्हणजे पिक्सेल डोळ्याला किती वेळ दिसत राहतो ते; हा आकडा बॅकलाइट लुकलुकवून येतो. तो मोड लावला की उजेड घटतो आणि बहुतेक मॉनिटरांवर फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवणारी सोय) बंद पडतं. जीटीजी म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, पण तोही सहसा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला झटपट बदलायला लावणारी सेटिंग) पार वर चढवून मोजलेला. तेवढा चढवला तर हलत्या माणसामागे उजळ कड दिसते. मधली पायरी ठेवा.

६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १६५ ला ६.१, २४० ला ४.२. पहिल्या उडीत साडेदहा वाचतात, दुसरीत दोनसुद्धा नाहीत. त्यातून सीएस२ मध्ये स्मोक (धुराचे बॉम्ब) फुटले की फ्रेम्स खाली येणारच. १६५ चा आयपीएस पॅनलचा घ्या, २४ इंची. २७ इंचात फुल एचडी दोन फुटांवरून दाणेदार दिसतं, आणि १४४०पी (फुल एचडीपेक्षा बारीक चित्र) घेतलं तर कार्डावर ७८ टक्के जादा पिक्सेलचा बोजा.

काळी_शेपूट : +१. स्वस्तातला वक्र दिसला तर तो बहुधा व्हीए पॅनलचा. अंधाऱ्या कोपऱ्यातून कोणी धावलं की मागे काळं फराटं उमटतं.

धागाकर्ता : घरात एचडीएमआय केबल पडून आहे, चालेल ना?

फ्रेमपंत : मॉनिटरचं पोर्ट एचडीएमआय १.४ असेल तर १६५ विसरा. डिस्प्लेपोर्टच लावा, तेही ग्राफिक्स कार्डाला. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, मदरबोर्डला खोचलंत तर पडदा काळाच. मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १६५ निवडा. हे राहिलं तर नवा मॉनिटरही ६० वरच चालू शकतो. फ्रीसिंक मॉनिटरच्या मेनूत, जी-सिंक (एनव्हिडियाची तशीच सोय) एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनल सॉफ्टवेअरमध्ये चालू करा आणि फ्रेम्स १६० ला बांधा, म्हणजे चित्र फाटत नाही.

काळी_शेपूट : पेटी दुकानातच उघडा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून मेलेले पिक्सेल शोधा. किती निघाले तर बदलून मिळेल, ते बिलावर लिहून घ्या. आणि गुरुवार टाळा राव, पुण्यात त्या दिवशी देखभालीसाठी वीज गेलेली असली तर मॉनिटर लावून कोण दाखवणार?