मदत हवी आहे: नवीन कंपनीच्या फोनमध्ये साडेतीन लाख घालावेत का?

नमस्कार मंडळी,

बार्शीत आमचं मोबाइलचं दुकान आहे. २००८ साली अण्णांनी टाकलं, आता मी बघतो. विषय पैशाचा आहे आणि घरात दोन मतं आहेत, म्हणून इथं विचारतोय. ज्यांनी या धंद्यात काउंटरच्या आतून किंवा कंपनीच्या बाजूनं काम केलंय त्यांनी जरूर सांगा.

मागच्या आठवड्यात एका नवीन देशी कंपनीचा माणूस आला होता. कंपनीचं नाव देत नाही, तिनं माझं काही वाईट केलेलं नाही आणि माझ्या शंकेमुळं तिचं वाईट व्हायला नको. फाइव्ह जी हँडसेट आहे, ग्राहकाला ९,४९९ ला विकायचा, आम्हाला ८,७०० ला पडतो. म्हणजे नगामागं ८०० रुपये सुटतात. याच किमतीतल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या फोनवर मला तीनशेच्या पुढं सुटत नाहीत, तेही स्कीमचं टार्गेट गाठलं तर. अट एवढीच की पहिल्या खेपेला ४० नग रोख उचलायचे. तालुक्यात दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणतात. ४० नग म्हणजे ३ लाख ४८ हजार. दिवाळीच्या मालासाठी ठेवलेली रक्कम आहे ही.

डेमो पीस दोन दिवस वापरला. खरं सांगतो, फोन चांगला आहे. सकाळी सातला काढला, दिवसभर नकाशा, व्हिडिओ, व्हॉट्सअॅप चालवलं, रात्री अकराला ३१ टक्के शिल्लक होती. मुलीच्या वहीचं पान ट्यूबलाइटखाली टिपलं, अक्षर न् अक्षर वाचता येतं. फालतू अॅप भरलेली नाहीत, लॉक उघडला की जाहिरात येत नाही. हातात घेतल्यावर दहा हजारांच्या आतला वाटत नाही. इतका नीट बनवलेला फोन केवळ नाव माहीत नाही म्हणून पडून राहावा, हे मनाला पटत नाही.

पण दुसऱ्या दिवशी पांगरीकडचे एक काका आले. फोन उलटापालटा करून बघितला, आवडला. मग भिंतीवर टांगलेल्या, स्क्रीनवर चिकटवायच्या काचांच्या पाकिटांकडं बघून म्हणाले, "ह्याची काच हाय का तुझ्याकडं?" नव्हती. "कव्हर?" तेही नव्हतं, डब्यातलं पांढरं सोडून. त्यांनी फोन खाली ठेवला आणि दोन हजार जास्त देऊन विवोचा घेऊन गेले. माझ्याकडं उत्तर नव्हतं. सोलापूरच्या होलसेलवाल्याला फोन केला तर म्हणाला, एका मॉडेलची शंभर काच उचलणार असशील तर मागवतो. शंभर काच विकायला आधी शंभर फोन तर विकायला हवेत ना! दुसऱ्या मॉडेलची काच बसवून बघितली, समोरच्या कॅमेऱ्याचं भोक दोन मिलीमीटर सरकतं.

अण्णा सरळ नको म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अनुभवाचं आहे. २०१४ साली आमच्या काउंटरवर देशी कंपन्यांचंच राज्य होतं. त्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या बाजार-संशोधन कंपनीच्या आकड्यांप्रमाणं मायक्रोमॅक्स २२ टक्क्यांवर होती, सॅमसंग २० वर. गिऱ्हाईक आत येऊन नाव घेऊन मागायचं. त्याच वर्षी शाओमीनं ऑनलाइन विक्री सुरू केली, विवो आणि ओप्पोही आल्या. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, ते फक्त फोर जीवर, आणि थ्री जी हँडसेटच्या थप्प्या जागच्या जागी जुन्या झाल्या. दोन महिन्यांत नोटबंदी. तोवर गावोगावी विवो-ओप्पोचे निळे-हिरवे बोर्ड लागले होते, प्रत्येक दुकानात कंपनीचा पगारी प्रमोटर उभा होता. मायक्रोमॅक्सनं नोव्हेंबर २०२० मध्ये 'इन' मालिका आणून परत प्रयत्न केला, चीनविरुद्धची हवाही होती, तरी पूर्वीची जागा मिळाली नाही.

त्या पडझडीत एका कंपनीचे (नाव नको) १७ हँडसेट आमच्याकडं अडकले. किंमत उतरवली की फरक देऊ असा तोंडी शब्द होता. फरकाचा क्लेम अजून यायचाय. सर्व्हिस सेंटरही सहा महिन्यांत बंद झालं. ज्यांनी आमच्या तोंडाकडं बघून फोन घेतले होते ते दुकानात येऊन उभे राहायचे. अण्णांनी तिघांना स्वतःच्या खिशातून दुसरे फोन दिले. पैशापेक्षा ते लोक दारात उभे असल्याचंच त्यांना आजही लागतं.

दुसरीकडं, नवीन कंपन्या टिकतच नाहीत असंही नाही. रियलमी मे २०१८ मध्ये आली आणि बघता बघता घरोघरी झाली. पोको आली. नथिंगचा पहिला फोन जुलै २०२२ चा, आता आमच्याकडची कॉलेजची पोरंसुद्धा विचारतात. लाव्हानं आपल्या अग्नी फोनसाठी घरी येऊन फोन बदलून द्यायची सोय काढली, त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

तर प्रश्न असे:

या गर्दीत नवीन फोन तालुक्याच्या गावात उभा राहायला नक्की काय लागतं? ४० नग घ्यावेत, १० वर तोडावं, की हात जोडावेत? आणि घेतलेच तर कंपनीकडून लेखी काय घ्यावं? माझी निम्मी विक्री हप्त्यावर होते, आणि फायनान्सवाल्यांच्या यादीत हे मॉडेल अजून चढलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

लातूरचा रिपेअरवाला

भाऊ, रियलमी आणि पोकोचं उदाहरण सोडा. रियलमी ओप्पोच्या घरातून निघाली, पोको शाओमीच्या. कारखाना, पार्ट, सर्व्हिसची माणसं पहिल्या दिवसापासून पाठीशी होती. पाटी तेवढी नवी होती. नथिंग खरी नवीन म्हणता येईल, पण तिचा मालक वनप्लसच्या संस्थापकांपैकी एक, आणि मागच्या दिव्यांमुळं फोन लांबून ओळखू येतो. तुमच्याकडच्या फोनला यातलं काय आहे?

आता कामाचं सांगतो. डेमो पीस उघडा. मागचं झाकण गरम करून सावकाश काढा, डिस्प्लेच्या फ्लेक्सवर (बोर्डाला जोडणाऱ्या पातळ पट्टीवर) बारीक नंबर छापलेला असतो तो टिपा. बऱ्याच नवीन कंपन्या स्वतः डिझाइन करत नाहीत, चीनमधल्या तयार डिझाइनवर आपलं झाकण आणि आपलं सॉफ्टवेअर चढवतात. यात कमीपणा काही नाही. तोच डिस्प्ले दुसऱ्या चालू मॉडेलला बसत असेल तर कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र) बाजारात मिळतो आणि काचही मिळते. नंबर कुठंच जुळला नाही तर उद्या पडलेला फोन घेऊन गिऱ्हाईक तुमच्या दारात, आणि तुम्ही कंपनीच्या दारात. चार्जिंगची पट्टीही बघा, दीड वर्षानं पहिली तीच जाते.

मापात_माप

मी नऊ वर्षं एका मोठ्या ब्रँडसाठी एरिया सेल्स बघितलं, आता सोडलं. ८०० रुपये का देतायत ते समजून घ्या. मोठ्या ब्रँडचा खर्च जाहिरात, बोर्ड, प्रमोटर यांवर झालेला असतो, फोन आपोआप विकला जातो, म्हणून तुम्हाला तीनशे. नवीन कंपनीकडं ते काही नसतं. तिचा प्रमोटर तुम्हीच. वरचे पाचशे हा तुमच्या शब्दाचा मोबदला आहे, आणि अण्णांनी तो शब्द एकदा भरून दिलेला आहे.

दुसरी गोष्ट, ४० रोख उचलले की कंपनीच्या हिशेबात ४० विकले गेले. पुढं ते गिऱ्हाइकाच्या हातात गेले की नाही याच्याशी त्या माणसाच्या टार्गेटचा संबंध नसतो. म्हणून १० नग, ६० दिवसांत न विकलेले परत, आणि किंमत उतरली तर हातातल्या मालाचा फरक, हे कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. त्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर नको, तो सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत असेल. आधी फायनान्सच्या यादीत मॉडेल चढवून आणा म्हणावं. तुमची निम्मी विक्री हप्त्यावर असेल तर त्याशिवाय ४० नग वर्षभर पुरतील, आणि अठरा टक्के जीएसटी तर तुम्ही आधीच भरून बसलेले असाल.

वकीलसाहेब_बार्शीकर

गाववाले, एक बाजू राहिली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८६. सदोष वस्तूबद्दल नुकसानभरपाईची जबाबदारी सहसा उत्पादकावर असते. पण उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यालाही धरता येतं. कंपनी गुंडाळली गेली तर प्रश्न तुमच्यावर येऊ शकतो. खोक्यावरचा कंपनीचा पत्ता वाचा, ती फक्त आयात करते की इथं बनवते ते बघा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणीचा आर-नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर तिन्ही गोष्टी करून बघितल्या.

आर-नंबर बरोबर निघाला, कारखान्याचं नाव नोएडाचं आहे. खोक्यावरचा पत्ताही जुळतो.

डेमो पीस उघडला. अण्णा शेजारी भिंग धरून बसले होते. फ्लेक्सवरचा नंबर लातूरच्या भाऊंनी सांगितल्या जागीच होता. सोलापूरच्या पार्टवाल्याला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं की शेवटचे दोन आकडे सोडले तर एका चालू मॉडेलचा हाच नंबर आहे, बहुतेक बसेल. 'बहुतेक'वर साडेतीन लाख घालणार नाही, म्हणून एक कॉम्बो मागवलाय. गुरुवारच्या गाडीनं येईल.

कंपनीच्या माणसाला अटी सांगितल्या. १० नगांना तो तयार झाला, पण मग मार्जिन ५०० वर येतं. मला चालेल. परतीचं लेटरहेडवर देतो म्हणाला, वरिष्ठांची सही लागेल. किमतीतल्या फरकाबद्दल मात्र "बघू" म्हणाला. ते "बघू" ऐकल्यावर अण्णा उठून आत गेले.

मापात_माप, तुम्हाला एकच विचारायचंय. फरकाचं कलम लेखी मिळत नसेल, पण त्याऐवजी ४५ दिवसांची उधारी मिळत असेल, तर ते तितकंच सुरक्षित धरावं का? त्यांच्याकडून हा पर्याय आज सकाळी आलाय, शनिवारपर्यंत सांगायचंय. कॉम्बो बसला की नाही ते गुरुवारी फोटोसकट इथं टाकतो.