आभाराची अक्षरे भिंतीवर उमटवायची, तर कोणत्या भिंतीवर?

पेठकर:
नमस्कार. पुण्यातील आमच्या पेठेतल्या मंडळाने यंदा सजावटीच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढली आहे. विसर्जन मिरवणुकीनंतर रस्ते झाडून काढणाऱ्या सफाई कामगारांचे आभार मानणारा मजकूर चौकातील जुन्या दगडी इमारतीवर प्रोजेक्टरने उमटवावा, असा बेत आहे. कल्पना अर्थातच २०२० सालच्या, कोरोनाच्या साथीतील छायाचित्रांवरून सुचली. त्या वर्षी मार्चअखेरीस पॅरिसच्या आयफेल टॉवरवर रोज रात्री ‘मर्सी’ (फ्रेंचमध्ये ‘आभार’) हा शब्द झळकत होता. १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, रिओ दि जानेरोच्या ख्रिस्तमूर्तीवर डॉक्टरांचा पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप प्रकाशाने चढवला गेला होता. असे काही आपल्याकडे करायचे झाल्यास तांत्रिक बाजू कशी सांभाळावी आणि मजकूर काय असावा, याविषयी जाणकारांनी सांगावे.

कंदीलवाला:
मी ध्वनिप्रकाश कार्यक्रमांसाठी प्रोजेक्टर लावण्याचे काम करतो. रिओचे उदाहरण आपण दिले आहे, पण त्या मूर्तीवर फिकट रंगाच्या मऊ दगडाच्या बारीक चकत्या बसवलेल्या असल्याने ती जवळजवळ पडद्यासारखेच काम देते. आपला काळा पाषाण मात्र प्रकाश पिऊन टाकतो. त्यामुळे जो प्रोजेक्टर चुन्याच्या भिंतीवर लख्ख दिसतो, तोच दगडी भिंतीवर मिणमिणता वाटतो. चौकातले दिवे तेवढ्या वेळापुरते बंद करून मिळाले नाहीत, तर वीस हजार ल्युमेनचे (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचे एकक) यंत्रही फिके पडेल.

दुसरी गोष्ट अक्षरांची. एका तटबंदीवर आम्ही ‘सर्वांचे आभार’ असे उमटवले होते. त्यातला अनुस्वार नेमका दोन दगडांच्या सांध्यात गेला आणि चाचणीच्या रात्रभर भिंतीवर ‘सर्वाचे आभार’ असेच दिसत राहिले. तेव्हा अक्षर जाड ठेवावे, ओळीत तीन-चारच शब्द घ्यावेत आणि मात्रा-वेलांट्या कुठे पडतात ते आदल्या रात्री समोर उभे राहून पाहावे. इमारत संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. भिंतीला एक खिळाही लागणार नसला तरी घ्यावी.

रंगाबाबतही जपावे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीने ३० मार्च २०२० रोजी आरोग्यसेवकांच्या सन्मानार्थ शिखरावर तांबडापांढरा फिरता प्रकाश सोडला होता, परंतु तो रुग्णवाहिकेच्या दिव्यासारखा दिसत असल्याने, दिवसभर तेच भोंगे ऐकणाऱ्या अनेक रहिवाशांना तो अंगावर काटा आणणारा वाटला.

रात्रपाळी:
पेठकर, मी परिचारिका आहे, त्यामुळे हे थोडे दुसऱ्या बाजूने लिहिते. ३ मे २०२० रोजी देशभरातल्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली गेली आणि त्या संध्याकाळी मुंबईच्या समुद्रात नौदलाच्या जहाजांवर रोषणाई झाली. तेव्हा मी पीपीई किटमध्ये, घामाने चष्मा धुरकटलेल्या अवस्थेत, सलाइनची बाटली बदलत होते. जहाजांचा फोटो दोन दिवसांनी भावाने व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो सुंदर होता, मी तो जपूनही ठेवला आहे. मात्र त्या महिन्याचा आमचा पगार सहा आठवडे उशिरा झाला, हेही तितकेच लक्षात आहे.

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. आपली अक्षरे उमटतील त्या वेळी ते कामगार कुठे असतील? बहुधा हातात खराटा घेऊन, भिंतीकडे पाठ करून. चौकात मोबाइल उंचावून उभे असतील ते आपण सगळे.

दूरदेशी:
‘रात्रपाळी’ ताईंचा मुद्दा अगदी खरा आहे. स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न पर्वतावर गेरी हॉफस्टेटर या प्रकाशकलाकाराने २४ मार्च ते २६ एप्रिल २०२० या काळात रोज चित्रे उमटवली आणि त्यांत आपला तिरंगाही होता. तथापि पायथ्याचे झेरमाट गाव तेव्हा पर्यटकांना बंद असल्याने जगाने तो प्रकाश छायाचित्रांतच पाहिला. तो दुरून पाहण्यासाठीच होता, त्यात गैर काही नाही. आपला हेतू मात्र समोरच्या चाळीस-पन्नास माणसांपर्यंत पोहोचण्याचा आहे.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर फ्रान्समध्ये ‘मर्सी’नंतर जुलै २०२० मध्ये रुग्णालयातील परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांसाठी दरमहा १८३ युरोंची वाढ मान्य झाली. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवकांसाठी दहा गुरुवार टाळ्या वाजल्या आणि मार्च २०२१ मध्ये सरकारने त्यांना एक टक्का वेतनवाढ सुचवल्यावर इतका संताप उसळला की पुढे ती तीन टक्के करावी लागली. आपल्या राज्यातील आशा सेविकांनाही जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते. मंडळाच्या हातात वेतनवाढ नाही, हे मान्य. पण बूट, हातमोजे आणि रेनकोट यांचा खर्च प्रोजेक्टरच्या भाड्यातून सहज निघेल.

पेठकर:
सर्वांचे आभार (अनुस्वारासह). काल आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे, जाऊन मुकादमांशी बोललो. कोठीची बाहेरची भिंत चुन्याची आणि पांढरी आहे, हे इतकी वर्षे समोरून जाऊनही माझ्या ध्यानात आले नव्हते. हजेरी सकाळी सहाला लागते आणि त्या दिवसांत सूर्योदय सव्वासहाच्या पुढे होतो, म्हणजे साडेपाचपासून जेमतेम अर्धा तास अंधार हाती मिळेल. चौकातील इमारतीचा बेत मंडळाने सोडून दिला आहे, भाड्याची यंत्रेही आता लहान पुरतील आणि उरलेल्या पैशांतून हातमोजे घ्यायचे ठरले आहे.

मजकुराबद्दल मुकादमांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘योद्धे वगैरे लिहू नका, नावे लिहा.’ त्यांनी हजेरीपटावरून त्रेचाळीस नावे उतरवून दिली असून त्यांत कंत्राटी कामगारही आहेत. कंदीलवाला, एका वेळी सहा नावे घेतली, तर आठ फूट उंचीच्या भिंतीवर ती रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील का?

कंदीलवाला:
सहा नकोत, चार घ्या. प्रत्येक पाटी निदान पंधरा सेकंद थांबू द्या, म्हणजे ज्याचे नाव आहे त्याला शेजाऱ्याला हाक मारून दाखवायला वेळ मिळेल. चाचणीला मी येतो, फक्त कोठीवरचा बाहेरचा दिवा कोण बंद करणार ते आधी विचारून ठेवा.