शब्दचर्चा: रनिंग काउंट आणि ट्रू काउंट

प्रश्नकर्ता:
ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळातल्या पत्तेमोजणीवर मराठीत लिहितोय. रनिंग काउंटला ‘चालू मोजणी’ आणि ट्रू काउंटला ‘खरी मोजणी’ म्हणावं, तर पहिली मोजणी खोटी असावी असं वाटतं. ‘रनिंग काउंटचं ट्रू काउंटमध्ये रूपांतर करणे’ हेही जड जातं. काय लिहावं?

प्रतिसाद:
आधी ‘चालू’ काढा. चालू माणूस, चालू माल, तशी चालू मोजणी! ‘धावती बेरीज’ म्हणा, चटकन कळतं.

‘खरी’बद्दलची शंका रास्त आहे, आणि गंमत म्हणजे प्रकार नेमका उलटा आहे. हाय-लो पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला +1, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का यांना −1. पत्ता उघडा पडला की बेरीज पुढे सरकते. यात अंदाजाला जागाच नाही. अख्खा कॅट संपला की बेरीज शून्यावर यायलाच हवी, कारण +1 वाले पत्ते 20 आणि −1 वालेही 20. अंदाज घुसतो तो ट्रू काउंट काढताना. उरलेले कॅट किती, हे टाकलेल्या पत्त्यांच्या थप्पीकडे बघून नजरेनंच ठरवायचं असतं. सहा कॅटचा शू (पत्ते वाटायची पेटी) आहे, थप्पी दोन कॅटांएवढी दिसतेय, म्हणजे चार उरले. बेरीज +8 असेल तर तिला चारने भागून ट्रू काउंट +2.

तीच +8 शेवटचा एकच कॅट उरलेला असताना आली, तर ट्रू काउंटही +8. दोन्हीकडे उरलेल्यांत मोठे पत्ते लहानांपेक्षा आठनेच जास्त आहेत, पण एकीकडे ते 208 पत्त्यांत विखुरलेत, दुसरीकडे 52 मध्ये. एकूण उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न यांत असतो तोच हा फरक. म्हणून मी ‘दरकॅट बेरीज’ सुचवेन.

प्रतिसाद:
‘दरकॅट’ला अनुमोदन. दराची कल्पना पहिल्यापासूनच आहे. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी 1962 साली मांडलेल्या दश्शीमोजणीत (चित्रंही दहाचीच धरून) बाकीचे पत्ते भागिले दहाचे पत्ते असं गुणोत्तरच काढायचं होतं. एका कॅटमध्ये सुरुवातीला 36 भागिले 16, म्हणजे 2.25. पुढच्याच वर्षी हार्वी डब्नर यांनी हाय-लो मांडली. मोजणं सोपं झालं, भागाकार मात्र सुटला नाही.

प्रतिसाद:
अर्थ चोख आहे, पण ‘दरकॅट’ बोलणार कोण? खेळणारे ‘ट्रू किती?’ एवढंच विचारतात. मी ‘ट्रू काउंट’च ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे दर कॅटमागची बेरीज’ असं एकदा सांगून मोकळा होईन.

‘रूपांतर’ मात्र नकोच. मैलांचं किलोमीटरमध्ये होतं ते रूपांतर, तिथे अंतर तेच राहतं. इथे नवी माहिती आत येते, किती कॅट उरलेत ही. ‘बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागा’ असं सरळ लिहावं. ट्रू काउंट ‘काढतात’.

प्रतिसाद:
भागून झाल्यावर अपूर्णांकाचं काय करायचं, तेही नीट लिहा. ‘पूर्णांकात घ्या’ यातून काहीच कळत नाही. बेरीज +7, उरलेत अडीच कॅट, उत्तर +2.8. डीलरचा एक्का उघडा आहे आणि इन्शुरन्स (त्याचा झाकलेला पत्ता दहाचा निघेल यावरची जोडपैज) घ्यायचा का, हा प्रश्न आहे. हाय-लोचा प्रचलित नियम: ट्रू काउंट +3 किंवा वर असेल तरच घ्या. जवळचा पूर्णांक धरणारा 3 म्हणेल आणि घेईल, खालचा पूर्णांक धरणारा 2 म्हणेल आणि सोडेल.

उणे बाजूला आणखी मजा. −3 भागिले 2 म्हणजे −1.5. खालचा पूर्णांक −2, पण नुसता अपूर्णांक तोडला तर −1. ‘खालचा’ आणि ‘तोडलेला’ हे शब्द अधिक बाजूला एकच उत्तर देतात, म्हणून लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तसं करू नये. कोणत्या ट्रू काउंटला काय करायचं या कोष्टकातले आकडे ज्या रीतीने काढलेत, तीच रीत टेबलावर वापरायची, हेही त्याच वाक्यात सांगून टाका.

प्रश्नकर्ता:
पटलं. मग ‘धावती बेरीज ही अपुरी, भागल्याशिवाय निरुपयोगी’ असं लिहिलं तर?

प्रतिसाद:
नको. के-ओ (नॉक-आउट) या मोजणीच्या दुसऱ्या पद्धतीत सत्तीलाही +1 असतो, त्यामुळे एका कॅटची बेरीज शून्याऐवजी +4 वर संपते. सहा कॅटांना −20 पासून सुरुवात करायची, शेवट +4 वर होतो. तिथे भागाकार नसतोच, धावत्या बेरजेवरच पैज लहान-मोठी करतात. ‘हाय-लोमध्ये’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला टाकलात की वाक्य बरंच सावरेल. ‘निरुपयोगी’ तरीही जास्त होतं. एका कॅटच्या खेळात पहिल्या काही पत्त्यांपर्यंत धावती बेरीज आणि ट्रू काउंट जवळपास सारखेच असतात.

प्रश्नकर्ता:
शेवटची शंका. ‘अडीच कॅटने भागा’ की ‘अडीच कॅटांनी’?

प्रतिसाद:
‘अडीच कॅटांनी’. एकच उरला असेल तर ‘एका कॅटने’, पण तेव्हा भागायचंय कशाला!