मदत हवी आहे: डिप्लॉयमेंट टेस्ट कधी उगाच लाल, कधी उगाच हिरवी

नमस्कार मंडळी,

रोज रात्री कोऱ्या मशीनवर ओपनस्टॅक (स्वतःचं क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) उभं करून तपासणारी एक बॅश स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली आहे. लिहिणारे केव्हाच दुसऱ्या टीमला गेले. ती डेव्हस्टॅक (ओपनस्टॅक झटपट बसवणाऱ्या स्क्रिप्ट) चालवते, सिरॉस (चाचणीसाठीचं चिमुकलं लिनक्स) इमेजवरून एक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, बनवते, त्याला बाहेरून पोहोचता येईल असा फ्लोटिंग आयपी देते, ९० सेकंद झोपते, मग एसएसएचने आत शिरून बघते आणि शेवटी सगळं पुसून टाकते.

दुखणी दोन. एसएसएचची पायरी अधूनमधून पडते. तीच स्क्रिप्ट परत चालवली की पास! आणि दुसरं जास्त भीतीदायक: गेल्या आठवड्यात इन्स्टॉलेशन अर्ध्यात मेलं होतं, तरी त्या पायरीवर हिरवी खूण. सुरुवातीला 'सेट -ई' (कमांड चुकली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) आहे, मग असं कसं? झोप १८० करून पाहिली, फरक नाही. सरळ पायथॉनमध्ये नव्याने लिहू का?

प्रतिसाद १
नव्याने लिहू नका, तेच घोळ पायथॉनमध्ये येतील. लॉग फाइलमध्ये जावा म्हणून आउटपुट पाइपमधून 'टी' कमांडला (ती ते पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवते) दिलंय का? पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, आणि 'टी' बिचारी कायम यशस्वी. 'सेट -ओ पाइपफेल' लावा, मग पाइपमधली कुठलीही कमांड पडली की पाइप पडला असं धरलं जातं.

प्रतिसाद २
झोप वाढवणं हा उपाय नाही. व्हीएम 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतो तेव्हा हायपरव्हायजरने (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तो चालू केलेला असतो, एवढंच. त्यानंतर बूट, डीएचसीपीने आयपी मिळवणं, १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्यावरून एसएसएच की आणणं, मग कुठे लॉगिन. दर ५ सेकंदांनी एसएसएच करून बघा आणि एकूण मुदत ठेवा, १० मिनिटं वगैरे. आणि पुसण्याआधी व्हीएमचा कन्सोल लॉग जपून ठेवा! पुरावा जाळून मग तपास करण्यात काय अर्थ?

ज्या रात्री पडते त्या रात्रीच्या मशीनवर /डेव्ह/केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीने व्हीएम वेगात चालवण्याची सोय) आहे का तेही पाहा. नसेल तर डेव्हस्टॅक एक वॉर्निंग छापून साध्या क्यूईएमयूवर (सगळं सॉफ्टवेअरमध्येच, म्हणून हळू) उतरतं. ती वॉर्निंग कोणी वाचत नाही आणि व्हीएम गोगलगायीसारखा बूट होतो.

धागाकर्ता
दोघांनाही दंडवत. 'टी' निघालीच, तीही तीन ठिकाणी. आणि केव्हीएमचं तर अगदी नेमकं: लाल रात्रींच्या लॉगमध्ये ती वॉर्निंग आहे, हिरव्या रात्रींच्या नाही. आम्हाला दोन प्रकारची मशीन मिळतात, त्यातल्या एकात नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत वेगाने व्हीएम चालवण्याची सोय) बंद आहे. आता सुरुवातीलाच तपासून स्क्रिप्ट स्पष्ट कारण सांगून थांबते.

एक शंका उरली. एसएसएच तपासणीचं फंक्शन केलंय आणि ते 'इफ'मध्ये बोलावतोय. आतली पहिली कमांड मुद्दाम चुकवली तरी फंक्शन पुढे चालतच राहतं?

प्रतिसाद १
हो, तो 'सेट -ई'चा जुना खोडसाळपणा. फंक्शन 'इफ'मध्ये किंवा '||'च्या डावीकडे बोलावलं की त्याच्या आत 'सेट -ई' लागूच होत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक कमांडनंतर त्याच ओळीत हाताने '|| रिटर्न १' लिहा. तसंच 'लोकल' (फंक्शनपुरता व्हेरिएबल जाहीर करणं) आणि कमांडचं आउटपुट एकाच ओळीत घेतलं असेल तर ती ओळ फोडा, तिथेही चूक गिळली जाते.

धागाकर्ता
तशा अकरा ओळी सापडल्या. आज रात्री चालवतो, उद्या इथेच कळवतो.